जुलैत वाळेल ते उंची: गोव्यातील घरासाठी अंथरूण-पांघरुणाची निवड

काही वर्षांपूर्वी चवथीला पाहुणे येणार म्हणून मी हजार धाग्यांची, हाताला लोण्यासारखी लागणारी एक महागडी चादर घेतली. दुकानातल्या थंड हवेत ती जितकी सुखद वाटली होती तितकी घरी वाटली नाही. रात्री ती अंगाखाली तापायची, धुतल्यावर पाण्याने इतकी जड व्हायची की पिळायला दोन माणसे लागायची, आणि ऐन पावसात तिसऱ्या दिवशीही तिच्या शिवणी ओल्याच असायच्या. चौथ्या दिवशी घडी करताना तिला जो कुबट वास आला, तो नंतर दोनदा धुऊनही पुरता गेला नाही. दोष दुकानदाराचा नव्हता. त्याने जे सांगितले तशीच ती चादर होती. मी ती वेगळ्या हवेसाठी घेतली होती, एवढेच.

तेव्हापासून अंथरूण-पांघरुणाची कोणतीही वस्तू घेताना मी एकच प्रश्न विचारतो: जुलै महिन्यात, उन्हाची तिरीपही नसताना, घरातल्या पंख्याखाली ही एका दिवसात वाळेल का? मऊपणा, रंग, नक्षी, किंमत हे सगळे त्यानंतर. पुढील पायऱ्या याच कसोटीभोवती रचलेल्या आहेत.

पहिली पायरी: आधी खोली पाहावी

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. या काळात हवेतील आर्द्रता अनेकदा नव्वद टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे कापडातले पाणी हवेत जायला जागाच उरत नाही. गादीत आणि उशीत राहणारे धुळीतील सूक्ष्म किडे, ज्यांच्यामुळे सकाळी शिंका येतात आणि दम्याचा त्रास वाढतो, ते हवेतूनच ओलावा शोषून जगतात. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली राहिली तर त्यांचा टिकाव लागत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात ती पातळी ओल काढणाऱ्या यंत्राशिवाय गाठणे कठीण, त्यामुळे वारंवार धुता येणारी वस्तू घेणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

खोलीत वातानुकूलन यंत्र आहे की केवळ पंखा, यावर निम्मी निवड ठरते. यंत्र रोज चालत असेल तर जरा दाट विणीची चादर आणि हलकी दुलई चालते. पंख्यावर झोपणाऱ्यांनी मोकळ्या विणीचे कापडच घ्यावे. पलंग बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नये, चार बोटे तरी अंतर असावे. जांभ्या दगडाच्या जुन्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात आणि ती ओल गादीच्या कडेला पोचते. पलंगाच्या पोटातल्या ज्या खणात आपण जादा अंथरुणे कोंबतो, तो बंद खण तर बुरशीचे माहेरघर आहे. नवा पलंग घेत असाल तर फळ्यांमध्ये फटी असलेला, खालून वारा खेळणारा घ्यावा.

दुसरी पायरी: मापे घ्यावीत, तीही गादीची जाडी धरून

लोक पलंगाची लांबी-रुंदी सांगतात आणि जाडी विसरतात. समजा गादी 72 इंच रुंद, 78 इंच लांब आणि 8 इंच जाड आहे. रुंदीत 72 अधिक दोन बाजूंचे 8-8 मिळून 88 इंच झाले. बाजारात सर्रास मिळणारी 90 इंच रुंदीची चादर घेतली तर दोन्ही बाजूंना गादीखाली दुमडायला जेमतेम एकेक इंच उरतो आणि मध्यरात्रीपर्यंत ती गोळा होऊन अंगाखाली येते. अशा गादीला 108 बाय 108 इंचांची चादर लागते. त्यातही कापूस पहिल्या काही धुण्यांत तीन ते पाच टक्के आटतो. 108 इंचांची चादर चार टक्के आटली तर सव्वाचार इंच गेले. म्हणून आधी आटवून घेतलेले कापड आहे का, हे वेष्टनावर पाहावे.

कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेली चादर रोजच्या वापराला सोयीची असते, परंतु तिचा खिसा गादीच्या जाडीपेक्षा किमान दोन इंच खोल हवा, आणि इलॅस्टिक चारही बाजूंनी फिरवलेले असावे. मात्र ही चादर वाळताना तिचे कोपरे पिशवीसारखे पाणी धरतात. साधी सपाट चादर दोरीवर एकपदरी पसरता येते. माझ्या घरी पावसाळ्यात सपाट आणि ऑक्टोबरनंतर इलॅस्टिकची, अशी विभागणी आहे.

तिसरी पायरी: कापड

येथे घाई करू नये, कारण पैसे वाया जातात ते येथेच.

प्रथम धागा. प्रयोगशाळेतील प्रमाणित हवेत, म्हणजे 65 टक्के आर्द्रतेत, सुती धागा स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो, लिनन सुमारे बारा टक्के, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. पॉलिएस्टरची मायक्रोफायबर चादर झटपट का वाळते आणि तिच्यावर घाम चिकटल्यासारखा का वाटतो, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर या एकाच आकड्यात आहे: ती पाणी आत घेतच नाही, मग ते धुण्याचे असो वा घामाचे. पाहुण्यांच्या खोलीत, जेथे यंत्राची थंड हवा आहे आणि चादरी रोज बदलाव्या लागतात, तेथे सुती आणि पॉलिएस्टरची मिश्र चादर चालून जाते. स्वतःच्या अंथरुणावर मात्र शुद्ध सुतीच असावी, असे माझे मत आहे.

लिनन म्हणजे जवसाच्या झाडाच्या खोडातून काढलेल्या धाग्याचे कापड. ते ओलावा भरपूर घेते आणि तितक्याच लवकर सोडते, अंगाला थंड लागते आणि प्रत्येक धुण्यागणिक मऊ होत जाते. ते महाग आहे आणि त्याला सुरकुत्या पडतातच. ज्यांना चुरगळलेली चादर डोळ्यांना खुपते, त्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. उरलेल्यांसाठी, एकदाच खर्च करायचा असेल तर, गोव्याच्या हवेला याहून चांगले कापड मला माहीत नाही.

बांबूच्या नावाने विकल्या जाणाऱ्या चादरींबद्दल थोडे सावध राहावे. त्यातील बहुतेक कापड बांबूच्या लगद्यापासून रासायनिक प्रक्रियेने बनवलेले व्हिस्कोस असते. ते मऊ आणि थंड असते यात शंका नाही, पण व्हिस्कोसची ताकद ओले असताना जवळपास निम्म्यावर येते, तर सुती धागा उलट ओला झाल्यावर अधिक मजबूत होतो. आठवड्याला धुऊन पिळल्या जाणाऱ्या वस्तूसाठी हा फरक मोठा आहे. त्याच जातीतील लायोसेल, जे टेन्सेल या नावानेही मिळते, ओलेपणी बरेच अधिक टिकते. रेशमी अभ्रे केसांना चांगले असतील, पण त्यांना सौम्य साबण, सावलीतली वाळवण आणि कोरडे कपाट लागते. ही तिन्ही सुखे आपल्याकडे पावसाळ्यात एकत्र नांदत नाहीत.

मग वीण. परकेल विणीत आडवा धागा एका उभ्या धाग्यावरून आणि पुढच्याच्या खालून जातो. त्यामुळे कापड हलके, कुरकुरीत आणि हवेशीर होते. सटीन विणीत धागा तीन-चार धाग्यांवरून तरंगत जाऊन मग एकाखाली बुडतो, त्यामुळे पृष्ठभाग तुकतुकीत आणि मुलायम लागतो, पण कापड दाट आणि उबदार होते, आणि तरंगणारे धागे नखाला, साखळीला अडकतात. माझी ती हजार धाग्यांची चादर सटीन विणीची होती. पंख्याच्या खोलीला परकेल, हे डोळे झाकून ठरवावे.

धागासंख्या, म्हणजे एका चौरस इंचातील उभ्या आणि आडव्या धाग्यांची बेरीज, हा आकडा जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत छापतात आणि त्यावर सर्वांत कमी विसंबावे. एका चौरस इंचात किती धागे बसतील याला मर्यादा आहे. हजाराचा आकडा गाठण्यासाठी अनेकदा दोन-तीन बारीक धागे पिळून एक केलेला असतो आणि मोजताना ते वेगवेगळे धरले जातात. परकेलमध्ये 200 ते 300 आणि सटीनमध्ये 300 ते 400 एवढे पुरते. त्याऐवजी कापसाचा तंतू किती लांब आहे हे विचारावे. आपल्याकडील नेहमीचा कापूस साधारण 28 ते 30 मिलिमीटर लांबीचा असतो. अतिलांब तंतूचा कापूस 33 मिलिमीटरच्या आसपास सुरू होतो. तंतू लांब असला की धाग्याबाहेर टोके कमी येतात, कापडावर गोळे धरत नाहीत आणि चादर वर्षानुवर्षे टिकते. इजिप्तच्या कापसाचे नाव सर्वांना ठाऊक असते, पण सुजाता आणि सेंट व्हिन्सेंट या दोन वाणांच्या संकरातून कोइमतूर येथे 1970 च्या दशकात तयार झालेला भारतीय सुविन कापूस त्याच्या तोडीचा आहे आणि काही भारतीय उत्पादक त्याच्या चादरी बनवतात.

दुकानात करून पाहण्याजोग्या गोष्टी थोड्या आहेत. चादरीचा एक पदर उजेडासमोर धरावा; वीण एकसारखी दिसली पाहिजे, कुठे दाट कुठे विरळ नको. दोन बोटांत कापड जोराने चोळावे; पांढरी भुकटी पडली तर मऊपणा कापडाचा नसून खळीचा आहे. कडेचा एखादा सुटा धागा मिळाला तर घरी आणून पेटवून पाहावा: सुती धागा कागदासारखा जळून त्याची भुरभुरीत राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. इस्त्रीची गरज नाही असे लिहिलेल्या सुती चादरींवर बहुधा राळेचा लेप दिलेला असतो आणि त्यात फॉर्माल्डिहाइडचा अंश असू शकतो, म्हणून ती वापरण्यापूर्वी निदान एकदा धुवावी. वेष्टनावर ओको-टेक्स स्टँडर्ड 100 ही खूण असेल तर कापडाची घातक रसायनांसाठी तपासणी झालेली आहे असे समजावे. सेंद्रिय कापसासाठी गॉट्स ही खूण पाहावी.

रंगाबाबत एकच सांगतो. पांढरी चादर हॉटेलसारखी दिसते आणि हव्या तितक्या गरम पाण्यात धुता येते, पण जेथे अंगणातली तांबडी माती पायाला लागून घरात येते तेथे ती आठ दिवसांत आपली कहाणी सांगू लागते. फिकट बदामी किंवा राखाडी रंग अधिक समजूतदार.

चौथी पायरी: गादीचे संरक्षण

गादी बदलणे हा या लेखाचा विषय नाही, परंतु आहे ती गादी कोणत्या जातीची आहे हे माहीत असले पाहिजे. कापसाची आणि काथ्याची गादी उन्हात टाकावीच लागते. लेटेक्स मात्र थेट उन्हाने ठिसूळ होते आणि मेमरी फोमलाही कडक ऊन मानवत नाही. या दोन्हींना सावलीत, उभे करून वारा द्यावा.

गादीवर धुता येण्याजोगे संरक्षक आवरण घालणे हा सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत उपयोगी उपाय आहे. प्लास्टिकसारखे चुरचुरणारे आवरण घेऊ नये, त्यावर घाम साचतो. वर सुती कापड आणि खाली पॉलियुरेथेनचा पातळ थर असलेले आवरण पाणी अडवते आणि वाफ जाऊ देते. हे आवरण यंत्रात फार गरम पाण्याने धुतल्यास थर सुटतो, म्हणून त्यावरील सूचना वाचावी. दोन आवरणे असावीत, कारण एक वाळेपर्यंत गादी उघडी राहू नये.

पाचवी पायरी: उशा

उशीच्या बाबतीत आपल्याकडचा मुख्य शत्रू खोबरेल तेल आहे. रात्री डोक्याला तेल चोपडून झोपण्याची सवय चांगली असेल, पण ते तेल अभ्र्यातून आत जाते, खवट होते आणि उशी पिवळी पडते. म्हणून उशीला आतून चेन असलेली एक सुती खोळ आणि वरून अभ्रा असे दोन पदर असावेत. तेलकट अभ्रे इतर कपड्यांपासून वेगळे, गरम पाण्यात अर्धा तास भिजवून धुवावेत.

सावरीच्या कापसाच्या उशा आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. त्या हलक्या आणि थंड असतात, पण पाण्यात घालता येत नाहीत. उन्हात वाळवणे आणि काही वर्षांनी कापूस पुन्हा भरणे, इतकेच करता येते. धुण्याची सोय हवी असेल तर मायक्रोफायबर भरलेली उशी घ्यावी आणि ती दोन-तीन वर्षांत बदलण्याची तयारी ठेवावी. कुशीवर झोपणाऱ्याला खांदा आणि मान यांतील अंतर भरून काढणारी, साधारण चार-पाच इंचांची उशी लागते. पाठीवर झोपणाऱ्याला त्याहून पातळ. नेहमीची उशी 17 बाय 27 इंचांची असते, तेव्हा अभ्रा 18 बाय 28 चा असावा.

सहावी पायरी: पांघरूण

परदेशी छायाचित्रांत दिसणारी फुगीर, जाड दुलई गोव्यात बहुतेक घरांना नको. डिसेंबर-जानेवारीतही येथे पहाटेचे तापमान सहसा वीस अंशांच्या आसपास असते. मलमलीची तीनपदरी दोहर हे आपल्या हवेचे खरे पांघरूण आहे: पंख्याखाली पुरेशी, थंड हवेच्या खोलीतही चालणारी, आणि धुतली की पदरांमधून वारा जात असल्याने लवकर वाळणारी. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर थंडीच्या दिवसांसाठी कपाटात असावी. ती जड असते आणि वाळायला वेळ घेते, पण तिच्या वापराच्या दिवसांत आपल्याकडे ऊन असते, त्यामुळे कसोटीला ती उतरते. दुलई हवीच असेल तर दर चौरस मीटरला 100 ते 150 ग्रॅम भरण असलेली, वेगळी काढता येणाऱ्या खोळीची घ्यावी, म्हणजे आठवड्याला केवळ खोळ धुवावी लागते. वातानुकूलन यंत्र अठरा अंशांवर ठेवून जाड दुलईत शिरण्यापेक्षा ते चोवीस-पंचवीसवर ठेवून दोहर घेतली तर वीजही वाचते आणि सकाळी घसाही कोरडा पडत नाही.

आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी घरात असेल तर ती पावसाळ्यात वापरू नये. तिच्या पदरांत गेलेला ओलावा महिनाभर बाहेर येत नाही.

सातवी पायरी: किती घ्यावे, कोठे घ्यावे

एका पलंगाला तीन संच लागतात: एक पलंगावर, एक दोरीवर, एक कपाटात. कोरड्या मुलखात दोन पुरतात, येथे पुरत नाहीत. बेताचे पैसे असतील तर आधी गादीचे आवरण, मग उशा, मग एक उत्तम परकेल संच आणि दोन साधे, असा क्रम धरावा. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरेच, पण येथे पाय पाहून अंथरूण घ्यायचे आहे, तेव्हा नक्षीदार पलंगपोस आणि शोभेच्या सहा उशा शेवटी. त्यांच्यावर कोणी झोपत नाही आणि धूळ मात्र त्याच खातात.

पणजी, मडगाव, फोंडा येथील दुकानांत कापड हाताळता येते, हा ऑनलाइन खरेदीत न मिळणारा लाभ आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुती चादरी स्वस्त मिळतात, मात्र तेथे माप फीत घेऊनच जावे. ऑनलाइन घेताना ‘कॉटन फील’, ‘ग्लेस कॉटन’ अशा शब्दांना फसू नये. त्यामागे बहुधा पॉलिएस्टर असते. धाग्याचे शंभर टक्के प्रमाण स्पष्ट लिहिलेले नसेल तर घेऊ नये, आणि शक्यतो आधी एकच अभ्रा मागवून, धुऊन, वाळवून पाहावा.

आठवी पायरी: धुणे, वाळवणे, ठेवणे

चादरी आणि अभ्रे आठवड्यातून एकदा धुवावेत. धुळीचे किडे मारायचे असतील तर पाणी साठ अंश सेल्सिअसचे हवे. कोमट पाण्याने मळ जातो, किडे राहतात. यंत्र तीन-चतुर्थांशाहून अधिक भरू नये, साबण मोजून घालावा आणि पावसाळ्यात एक जादा खळबळणे द्यावे, कारण कापडात राहिलेला साबण ओल धरतो. सुवासिक सॉफ्टनर टाळावा. तो धाग्यावर लेप चढवतो आणि सुती कापडाची घाम टिपण्याची शक्ती कमी करतो. विहिरीच्या किंवा बोअरवेलच्या पाण्यात लोह असेल तर क्लोरीनचे ब्लीच घालू नये, पांढऱ्या चादरीवर तांबूस डाग उठतात. सोडियम परकार्बोनेटची पूड, म्हणजे क्लोरीनविरहित ब्लीच, अधिक सुरक्षित. रक्ताच्या डागाला थंड पाणीच, गरम पाण्याने तो पक्का बसतो. हळदीचा डाग साबणाला दाद देत नाही, उन्हात मात्र फिका पडतो.

वाळवताना यंत्रातील पिळणीचा वेग शक्य तितका वाढवावा. घरात दोरीवर चादर एकपदरी टाकावी, खाली टेबलपंखा लावावा आणि बाहेर पाऊस असताना खिडक्या बंद ठेवून वातानुकूलन यंत्र ‘ड्राय’वर चालवावे. किंचित दमट असतानाच कडक इस्त्री फिरवली तर सुरकुत्याही जातात आणि उरलेली ओलही. शिवणी आणि कोपरे बोटांनी चाचपल्याशिवाय घडी करू नये.

मे महिन्यात आपण पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतो, सुकी मासळी, सोले, मिरच्या उन्हे दाखवून डब्यांत जातात, त्याच उन्हात जाड पांघरुणे, गोधड्या आणि कापसाच्या गाद्याही दोन दिवस पडाव्यात. उन्हातून आणलेले कापड लगेच कोंडू नये. घरात पूर्ण थंड झाल्यावर जुन्या सुती चादरीत बांधून, भिंतीपासून दूर असलेल्या कपाटाच्या वरच्या खणात ठेवावे. हवा न जाणारी प्लास्टिकची पिशवी केवळ अगदी कोरड्या वस्तूसाठीच, आणि तीत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. कडुलिंबाची वाळलेली पाने किंवा कापूर चालतो. डांबरगोळ्यांचा वास धुतल्यावरही अभ्र्यांत राहतो आणि लहान मुलांच्या हाती त्या लागणे धोक्याचे असते. पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, गाठोडे सोडून घड्या उलट्या कराव्यात. कुठे काळे बारीक ठिपके दिसले तर ती बुरशी असते. ती घरात न झटकता बाहेर नेऊन झटकावी, कापड साठ अंशांच्या पाण्यात परकार्बोनेटसह धुवावे, आणि ते ज्या खणातून निघाले तो खणही पुसून दोन दिवस उघडा ठेवावा.